नववी, अर्धी

माघ लागला की आमच्या गल्लीत दोन वास एकदम येतात. एक परसात कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजणाऱ्या वांग्यांचा, आणि दुसरा पोरांच्या हातातल्या परीक्षेच्या झेरॉक्सच्या गरम कागदांचा. लोकांच्या तोंडाला भरिताच्या नावानं पाणी सुटतं, मला भीती वाटते. दोन वर्षं झाली त्या गोष्टीला, आता भिण्यासारखं काही उरलं नाही हे मला माहीत आहे, तरी वांग्याची साल फट् करून फुटली की मी आधी मागं वळून बघते, सासूबाई कुठं आहेत.

मी अशीच आहे, घाबरट. बोलताना पण मला दम लागतो, एक सांगायला जाते आणि त्यात चार गोष्टी घुसतात, तनू म्हणते, मम्मी, जरा फुल स्टॉप घे. तनू माझी मुलगी. आता आठवीत आहे, ओट्यावर पाय हलवत बसलीय, विज्ञानाची वही मांडीवर. ऊन अजून मऊ आहे. हे आमच्या अडीच एकर केळीत गेलेत, रात्रीच्या थंडीनं पानं करपली का ते बघायला. सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, गहू निवडतायत, कुरडईसाठी भिजवायचेत. सगळं शांत आहे. दोन वर्षांपूर्वीही असंच शांत होतं, वरून.

तेव्हा तनू सहावीत होती आणि तिच्या हिंदी शाळेत इतिहासाला नव्या मॅडम आल्या होत्या.

आमच्या वेळी इतिहास म्हणजे साल. सर पट्टी घेऊन बाकांमधून फिरायचे, साल विचारायचे, आलं नाही की बाहेर व्हरांड्यात उभं राहायचं. मी खूप वेळा उभी राहिले. व्हरांड्यातून तापी दिसायची, पलीकडे आमचं जैनाबाद, धुणं वाळत घातलेलं. त्यामुळे मला राजे आठवत नाहीत, नदी आठवते, आणि लाल साडी कोणाची असेल याचा मी केलेला विचार.

या मॅडमचं वेगळंच. एकदा डब्याच्या सुट्टीत वर्गात वानर घुसलं आणि कोणाचा तरी डबा घेऊन खिडकीतून गेलं. दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, कल क्या हुआ, सब लोग लिखो. तनू घरी येऊन हसून हसून लोळली. कोणी लिहिलं एक वानर, कोणी लिहिलं तीन. कोणी म्हणे पराठा नेला, कोणी म्हणे पुरी. आणि एका मुलीनं दोन पानं भरून लिहिलं, ती त्या दिवशी शाळेत आलीच नव्हती! मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "देखो, जो आई नहीं थी उसने सबसे लंबा लिखा. अब सोचो, इतिहास में ऐसा कितनी बार हुआ होगा?"

मग गावातल्याच किल्ल्यात नेलं पोरांना. तिथं माहिती सांगणारे एक काका आहेत, आम्ही लहान होतो तेव्हापासूनचे. ते हात वर करून सांगायला लागले की इथं राणी बसायची, इथं दिवे लागायचे, आणि आमच्या तनूनं हात वर केला. "काका, आपको कैसे पता?" काका म्हणाले, मेरे दादा बताते थे. "दादा को कैसे पता?" काका मॅडमकडे वळले, "मॅडम, बच्चों को ये क्या सिखाया आपने? ऐसे तो कोई घूमने ही नहीं आएगा."

मी पण हसले तेव्हा. मला काय माहीत, हा प्रश्न किल्ल्यातून निघून गल्ली ओलांडून माझ्या चुलीपाशी येणार आहे.

मॅडमनी वहीत तीन खाने पाडायला लावले होते. पहिल्यात, कोणी सांगितलं. दुसऱ्यात, त्याला कसं माहीत. तिसऱ्यात, असं सांगून त्याला काय मिळालं. पहिले दोन ठीक होते. तिसरा खाना तनूला फार आवडला. दूधवाला म्हणाला आज म्हशीनं दूध कमी दिलं, ही वही काढते. सासूबाई म्हणाल्या, माझ्या लग्नात एवढी जिलेबी होती की लोकांनी घरी नेली, ही विचारते, दादी, तुला कसं माहीत, तू तर घुंगटात होतीस ना. सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सूनबाई, पोरगी शाळेत जाते का पोलीस ठाण्यात?"

आणि मग माघात, परीक्षेच्या आधी, मॅडमनी प्रोजेक्ट दिला. घरातल्या एका माणसाचा इतिहास. तीन पुरावे पाहिजेत, एक तोंडचा, एक कागद, एक वस्तू. शनिवारी शाळेत लावणार, घरच्यांना बघायला बोलावणार. आणि ज्या बोलीत माणूस बोलला त्याच बोलीत लिहायचं, म्हणजे शाळा हिंदी तरी आमचा तक्ता मराठीत.

"मी तुझा करणार," तनू म्हणाली. "मम्मी, तुझी दहावीची मार्कशीट दे."

आता इथं मला थांबून सांगावं लागेल. मला बघायला आले तेव्हा मी अठरा वर्षांची होते. सासरचे खाटेवर बसलेले, मी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी. आमचा मामा मधला माणूस होता. सासूबाईंनी विचारलं, पोरगी किती शिकली? मामा म्हणाला, दहावी पास. एका दमात म्हणाला. मग तिकडून कोणी म्हणालं, आमची पाच एकर केळी आहे, आणि मामा म्हणाला वा, वा, आणि बोलणं पुढं गेलं. मला कोणी विचारलंच नाही. मी ट्रेमधल्या लिंबाच्या फोडी मोजत होते. मी नववी अर्धी सोडलेली, हे त्या खोलीत माझ्या माहेरच्या सगळ्यांना माहीत होतं.

लग्न झालं आणि ती दहावी माझ्याबरोबर नांदायला आली. सासूबाई स्वतः अंगठा लावतात, त्यामुळे त्यांना फार कौतुक. गल्लीत सांगायच्या, माझी सून दहावी पास आहे, कागद आणा, ती वाचून देईल. बायका यायच्या, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, बँकेचे फॉर्म, आणि मी वाचायची, पण प्रत्येक वेळी हात गार पडायचे, वाटायचं आता असा शब्द येईल जो फक्त दहावीतच शिकवतात. बारा वर्षं आला नाही. तरी भीती गेली नाही. उलट मी तिला पोसत गेले. तनूला जेवताना सांगायचे, मी दहावीत होते ना, तेव्हा आमच्या सेंटरला अशी थंडी होती. कुठलं सेंटर आणि कुठली थंडी.

तर मार्कशीट दे, म्हणाली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ती पुरात वाहून गेली."

वाटलं, मिटलं. आमच्याकडे पुरात काय काय गेलंय, कोण मोजतंय?

रविवारी ती पप्पांबरोबर जैनाबादला नानीकडे गेली. माझ्या माहेरच्या घरात पुढच्या खोलीच्या भिंतीवर एक रेघ आहे, गेरूनं ओढलेली, कोनाड्याच्या जरा वर. मोठा पूर आला तेव्हा पाणी तिथपर्यंत चढलं होतं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी ओढली. आप्पा गेले, पण माझी माय दर दिवाळीला भिंत सारवते आणि रेघ परत गिरवते, तुळशीवृंदावन रंगवावं तशी. त्या रेघेपाशी उभं राहून तनूनं नानीला विचारलं, पूर कधी आला. मायला साल कुठलं माहीत. ती म्हणाली, "राजू पोटात होता ना. दिवस भरत आलेले. आम्हाला सगळ्यांना शाळेच्या माडीवर नेलं, पाणी उतरलं अन् आठव्या दिवशी राजू झाला."

राजू माझा धाकटा भाऊ. तेव्हा वीस वर्षांचा होता.

हे म्हणाले, पुलावरून येताना पोरगी मागं बसून बोटांवर काहीतरी मोजत होती, मला वाटलं पाढे.

संध्याकाळी मी परसात वांगी भाजत होते. काड्या तडतडत होत्या, धूर सरळ वर जात होता, वारा नव्हता. तनू माझ्यासमोर उकिडवी बसली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. गणित करतानाचा चेहरा होता.

"मम्मी, राजूमामा वीसचा. तू तीसची. म्हणजे पूर आला तेव्हा तू दहा वर्षांची, पाचवीत."

"बरं मग?"

"मग पाचवीत असताना दहावीची मार्कशीट वाहून कशी गेली?"

तेव्हाच वांगं फुटलं. फट्. सासूबाई आत लसूण सोलत होत्या, दार उघडं. मी म्हटलं, "हळू बोल." एवढंच सुचलं. ती हळू बोलायला लागली, हे तिनं चांगलं केलं. मी काडीनं वांगं उलटं केलं, परत सुलटं केलं, आणि सांगून टाकलं. मामाचं, पोह्यांचं, लिंबाच्या फोडींचं. ती ऐकत होती. मग वही उघडली. मला वाटलं रडेल, ओरडेल, दादीला हाक मारेल. तिनं तिसऱ्या खान्यावर बोट ठेवलं.

"असं सांगून तुला काय मिळालं?"

मी म्हटलं, "हे घर मिळालं. तू मिळालीस."

तिनं पेनाचं टोपण काढलं. म्हणाली, "हे लिहू?"

"नको गं बाई."

शनिवारपर्यंत मधे पाच दिवस होते. ते पाच दिवस मला अजून वासानं आठवतात. भिजवलेल्या गव्हाचा आंबूस वास, सासूबाईंच्या गुडघ्याला लावायच्या तेलाचा, यांच्या कपड्यांना केळीचा चीक लागून काळे डाग पडतात त्या डागांचा. मी प्रत्येक गोष्ट धुतली. आधीच धुतलेली भांडी धुतली. माझ्या मनात एकच, सासूबाई शाळेत जाणार. त्यांनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं, नातीनं सुनेवर लिहिलंय, भिंतीवर लागणार आहे. मी तनूला म्हटलं, दादीवर लिही ना. ती म्हणाली, आता मॅडमना नाव दिलं. मी म्हटलं, मग दहावीच लिही. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मी परत भांडी घासायला गेले.

आणि एका दुपारी तिनं दुसरा प्रश्न काढला. "तू शाळा का सोडली?"

हे मला पाठ होतं. "आप्पांनी बसवली घरी."

"नानी म्हणते, तूच सोडली."

मला एकदम राग आला. खरंच सांगते, तो राग पंधरा-सोळा वर्षं कुठंतरी ठेवलेला होता तसा आला. "तुझी नानी काहीही बोलते. मला शिकायचं होतं. मला केळीवर नेलं, पानं काढायला."

तनूनं दोन्ही लिहिलं. वर नानी, खाली मम्मी. मी म्हटलं, नानीचं खोड. ती म्हणाली, "मॅडम म्हणतात, खोडायचं नसतं. दोघांचंही ठेवायचं, नाव टाकून."

ती खेळायला गेली आणि मी तशीच बसले, हात गव्हाच्या चिकात. आणि मला आठवलं. मी विसरले नव्हते, नुसतं त्या बाजूला बघत नव्हते. नववीची सहामाही, इतिहासाचा पेपर. मी कंपास घेऊन पूल ओलांडून गेले होते. शाळेच्या फाटकापाशी सगळ्या मुली डोळे मिटून साल पुटपुटत होत्या. मला एकही साल आठवेना. मी फाटकातून परत वळले, घाटावर जाऊन बसले, पायऱ्यांवर एक कुत्री पिलांना घेऊन झोपली होती, तिच्याकडे बघत बसले, पेपर सुटायची घंटा ऐकली आणि घरी गेले. मायनं विचारलं, कसा गेला? मी म्हटलं, मला नाही जमत. आणि आप्पा खाटेवरून म्हणाले, "नको तर नको. उद्यापासून केळीवर चल." लगेच म्हणाले. वाक्य तयारच ठेवलेलं असल्यासारखं.

म्हणजे मायही खरं बोलत होती. आणि मीही खोटं बोलत नव्हते. मी एक दिवस सोडली होती शाळा. पुढचे सगळे दिवस आप्पांनी सोडवली. त्या दिवशी कोणी म्हणालं असतं, बरं, उद्याच्या पेपराला जा, तर मी गेले असते का? हे मला माहीत नाही. तनूनं विचारलं असतं कशावरून, तर माझ्याकडे पुरावा नाही. पण इतकी वर्षं मी मायवर मनातल्या मनात राग धरून बसले होते, ती गाठ जरा सैल झाली. संध्याकाळी मी तनूला घाटाचं सांगितलं. कुत्रीचं पण. तिनं लिहून घेतलं, तिसरी ओळ. मग मी पेटी उघडली, शालूखालची आठवीची मार्कशीट काढली आणि तो कंपासही, गंजलेला, आत अजून खोडरबराचा दगड झालेला तुकडा होता. ती मार्कशीट बघून तनू ओरडली, "तू पण एक जुलै!" मला कळेना. म्हणे अर्ध्या वर्गाच्या आया एक जुलैला जन्मल्यात, कारण शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट तीच तारीख लिहायचे. मी तर केळी कापायच्या दिवसातली, माय म्हणते पाऊस यायचा होता. "म्हणजे कागद पण खोटं बोलतो," तनू म्हणाली, इतकी खूश झाली की काय सांगू.

शनिवार आला. हे मळ्यात होते, घड कापायचे होते. मी आणि सासूबाई गेलो. शाळेच्या व्हरांड्यात दोरीला तक्ते लटकवलेले, चिमटे लावून. आमचा मधे. वर मोठ्या अक्षरात माझं नाव. इतकं मोठं माझं नाव मी कधी बघितलं नव्हतं. खाली गेरूनं काढलेली पुराची रेघ, खरा गेरू, नानीकडून आणलेला. कंपास दोऱ्यानं बांधलेला. मार्कशीट टाचणीनं लावलेली. शाळा का सोडली, याच्या तीन ओळी, नानी, मम्मी, आणि परत मम्मी. आणि त्याच्या वर एक ओळ, शिक्षण, आणि पुढं कोरं. नुसती पेन्सिलची रेघ.

तनूनं माझ्या हातात स्केचपेन दिलं. "हे तू भर. तुझं आहे."

मॅडम बाजूलाच होत्या, बारीक बाई, माझ्याच वयाची असेल. दुसऱ्या तक्त्याकडे बघायला लागल्या. मला कळलं, मुद्दाम बघतायत.

मी लिहिलं. माझं अक्षर पहिल्यापासून तिरकं. लिहून झालं आणि मागून सासूबाईंचा आवाज, "काय लिवलं गं आता? वाच."

बघा, त्यांना वाचता येत नाही. मी काहीही म्हणू शकत होते. दहावी म्हटलं असतं तर त्या मान हलवून पुढच्या तक्त्याकडे गेल्या असत्या, आणि बारा वर्षांची तेरा झाली असती. तनू माझ्याकडे बघत नव्हती. ती चिमटा नीट करत होती, नीट असलेला.

मी वाचलं. "शिक्षण. नववी, अर्धी."

"आँ?"

"दहावी नाही झाली आत्या. नववी पण अर्धी. मामा खोटं बोलला होता. आणि मी गप्प राहिले."

सासूबाईंनी तक्त्याकडे पाहिलं, त्या अक्षरांकडे, जशी काही ती वाचता येतील. मग वळल्या आणि चालत जाऊन व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या. मी पाण्याचा ग्लास नेला. घेतला नाही. मी तसाच धरून उभी. मैदानात पोरं कबड्डी खेळत होती, त्यांचा तो आवाज, लांबून येणारा. कितीतरी वेळ गेला. मग हात पुढं केला, पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं.

"अन् पाच एकर केळी बघितली का तू?" म्हणाल्या.

मी मैदानातल्या पोरांकडे बघितलं.

"बघितली का? अडीचच हाय. बारा वर्षं झाली, एक दिवस विचारलं नाहीस."

"नाही विचारलं."

"का?"

मी म्हटलं, "माझी पण अर्धीच होती ना आत्या."

त्या हसल्या नाहीत. ग्लास माझ्या हातात दिला. "माझ्या गोळ्या मात्र बरोबर वाचत जाते," एवढं म्हणाल्या आणि उठून वानराच्या गोष्टीचा तक्ता बघायला गेल्या. घरी आल्यावर तीन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी शेजारची बाई बँकेचा कागद घेऊन आली तर आतूनच ओरडल्या, "सूनबाई, वाचून दे तिला." दहावीचं नाव घेतलं नाही. यांना मी रात्रीच्या जेवणात सांगितलं होतं, हे भाकरी मोडत म्हणाले, "मला वाटायचंच, तू हिशेब बोटांवर का करते." बस.

माय अजून म्हणते, शाळा मीच सोडली. मागच्या आठवड्यात भरीत खायला आली होती, परत म्हणाली, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी कुस्करत. मी भांडले नाही. तिच्या ताटात अजून एक हिरवी मिरची ठेवली.

आणि परवा तनूच्या आठवीच्या परीक्षेचा फॉर्म भरायला शाळेत गेले होते. ऑफिसात नवीन बाबू आहेत. खिडकीबाहेर केळीच्या गाड्या चाललेल्या, पानांनी झाकलेल्या. तनू माझ्या बाजूला उभी, आता माझ्या खांद्याला लागते. फॉर्मवर आईचं नाव, मग आईचं शिक्षण, एवढासा चौकोन. मी नववी, अर्धी असं लिहायला लागले तसे बाबू चष्म्यावरून बघून म्हणाले, "बहनजी, आधी-वाधी नहीं होती. सीधा आठवीं लिखो. और जगह भी कहाँ है?"

हात गार पडले माझे, सवयीनं. तनूकडे बघितलं, ती छताकडे बघत होती, आपली.

मी म्हटलं, "भैया, मैं छोटे अक्षर में लिखती हूँ."